विश्लेषण : एका राज्यात मामुली, दुसऱ्यात ‘ट्रॉफी’, हरणाच्या शिंगांचे मोल नेमके ठरते कसे?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात २०२५ मध्ये २९ नोव्हेंबरपासून रायफलने हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला. दरवर्षीच होतो, मात्र त्या वर्षी एक मोठा फरक होता. वसाहतकाळातील धार्मिक नियमांतून आलेली रविवारची शिकारबंदी जुलै २०२५ मध्ये उठली. गव्हर्नर जॉश शापिरो यांनी त्या विधेयकावर सही केल्यानंतर राज्याच्या गेम कमिशनने त्या हंगामातील १३ रविवार शिकारीसाठी खुले केले. आठवडाभर नोकरी करणाऱ्यांना जंगलात जायला मिळणारा वेळ त्यामुळे जवळपास दुप्पट झाला. पण याच निर्णयाने शिकाऱ्यांमधला एक जुना वाद पुन्हा वर आला आहे. इतकी माणसे, इतके दिवस, इतक्या बंदुका घेऊन जंगलात असतील, तर भिंतीवर लावण्याजोग्या शिंगांचा नर उरणार किती? आणि मुळात ‘ट्रॉफी’ म्हणायचे कशाला?

प्रश्न हौशी वाटतो. पण त्याच्या उत्तरावर जंगलांची वाढ, एका जीवघेण्या रोगाचा प्रसार आणि कोट्यवधी हरणांचे व्यवस्थापन अवलंबून आहे.

शिकारीचा दबाव म्हणजे किती?

गेम कमिशनच्या अंदाजानुसार २०२४-२५ च्या हंगामात पेनसिल्व्हेनियात ४ लाख ७६ हजार ८८० हरणे मारली गेली. त्यात शिंगे असलेले नर १ लाख ७५ हजार २८०. उरलेल्या माद्या आणि पाडसे. हे राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे. भागाकार केला तर दर चौरस किलोमीटरला चार हरणे, तीही एका हंगामात. त्या चौरस किलोमीटरमध्ये शहरे, महामार्ग आणि विमानतळसुद्धा धरले आहेत, हे लक्षात घ्यावे.

राज्यातील रहिवाशाला शिकारीचा साधा परवाना २१ डॉलरच्या आत मिळतो. परवानाधारकांची संख्या आठ लाखांहून अधिक आहे. राज्याच्या मालकीची सुमारे १५ लाख एकर ‘स्टेट गेम लँड्स’ आणि त्याखेरीज सुमारे २२ लाख एकर सरकारी वने कोणाही परवानाधारकाला खुली असतात. मात्र एका परवान्यावर वर्षाला शिंगवाला नर मारता येतो तो एकच. ही ‘एकच’ची अट पुढच्या सगळ्या गणिताच्या मुळाशी आहे.

भारतीय वाचकाला हे आकडे वाचून धक्का बसणे साहजिक आहे. आपल्याकडे काळविटाच्या एका शिकारीचा खटला पंचवीस वर्षांहून अधिक काळ बातम्यांत राहतो. पण तिथली परिस्थिती उलटी आहे. व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण, १९०० च्या सुमारास संपूर्ण अमेरिकेत जेमतेम पाच लाख उरले होते, कारण तेव्हा बाजारात विकण्यासाठी बेसुमार शिकार होत असे. मग रानटी प्राण्याच्या मांसाच्या विक्रीवर बंधने आली, हंगाम ठरले, परवाने आले. आज ही संख्या तीन कोटींच्या घरात असल्याचे मानले जाते. पूर्वेकडील राज्यांतून लांडगा आणि प्यूमा जवळपास संपले होते. प्रौढ हरणाला खाणारे फारसे कोणी उरले नाही. न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांनी व्हिडीओ कॉलवर परसातले हरीण पाहिलेच असेल. तेच हरीण रात्री महामार्गावर आले की काय होते, हेही त्या नातेवाइकांना विचारावे. प्राण्यांच्या धडकेमुळे होणाऱ्या वाहनविमा दाव्यांच्या यादीत पेनसिल्व्हेनिया कायम वरच्या क्रमांकांवर असते.

शिंगे कशाने मोठी होतात?

इथे मराठीची एक सोय आहे. आपल्याकडे सारंग आणि कुरंग असा फरक करतात. काळवीट कुरंग, त्याची शिंगे पोकळ आणि जन्मभराची. सांबर, चितळ हे सारंग. त्यांची शिंगे भरीव हाडाची, फाटे फुटलेली आणि दरवर्षी गळून पुन्हा उगवणारी. व्हाइटटेल दुसऱ्या गटातले. वसंतात शिंग फुटते, उन्हाळाभर मखमली कातडीखाली वाढते, सप्टेंबरच्या सुमारास कातडी गळते, नोव्हेंबरात माजाच्या काळात नर त्याच शिंगांनी झुंजतो आणि हिवाळ्यात ती गळून पडतात. एवढे हाड दरवर्षी नव्याने तयार करणे हा प्राणिसृष्टीतला विलक्षण वेगवान उद्योग आहे.

शिंगाचा आकार तीन गोष्टींवर ठरतो : वय, खाणे आणि आनुवंशिकता. यातले वय सर्वांत महत्त्वाचे. ढोबळमानाने, दीड वर्षाच्या नराच्या डोक्यावर त्याच्या पूर्ण क्षमतेच्या पाव भागाइतकीच शिंगे असतात. अडीच वर्षांना निम्म्याहून थोडी जास्त, साडेतीनला पाऊण आणि पूर्ण क्षमता गाठायला पाच ते सात वर्षे लागतात. (वय नेहमी ‘साडे’त मोजतात, कारण जन्म उन्हाळ्याच्या तोंडाशी होतो आणि मरण बहुधा नोव्हेंबरात येते.)

एक गैरसमज मात्र सर्वत्र आहे. शिंगांच्या टोकांवरून वय कळते, असे शिकारीसुद्धा छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. मका-सोयाबीनच्या सुपीक पट्ट्यातला दीड वर्षाचा नर आठ टोके घेऊन फिरू शकतो आणि डोंगराळ, निकस जमिनीवरचा अडीच वर्षांचा नर चार-सहावरच थांबतो. जाणकार शिकारी आधी शरीर पाहतो. पाय लांब आणि मान सडपातळ, तर पोरगा. छाती भरलेली, मान फुगलेली, पोट खाली आलेले, तर पोक्त. मेल्यानंतर दाढांची झीज पाहून अंदाज पक्का केला जातो.

मग इंचांची भाषा कुठून आली?

थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबची मोजणीपद्धत आज प्रमाण मानली जाते. ती १९५० मध्ये निश्चित झाली. प्रत्येक बाजूच्या मुख्य शिंगाची लांबी, प्रत्येक टोकाची लांबी, ठरावीक चार ठिकाणचा घेर आणि दोन शिंगांमधले आतले अंतर यांची बेरीज करायची. मग डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वजा करायचा, कारण या पद्धतीत सममितीला मोल आहे. मोजमाप आठव्या हिश्श्याच्या इंचापर्यंत. शिवाय शिंगे ६० दिवस वाळल्याशिवाय अधिकृत मोजणी होत नाही, कारण वाळताना ती आकसतात. अभियांत्रिकी शाखेतून बातमीदारीत आलेल्या कोणालाही प्रयोगशाळेतली जर्नल आठवावीत, इतका हा काटेकोरपणा आहे.

क्लबच्या कायमस्वरूपी नोंदवहीत येण्यासाठी सममित शिंगांच्या व्हाइटटेलला किमान १७० गुण लागतात. या गटातला जागतिक विक्रम २१३ पूर्णांक ५/८ गुणांचा आहे. तो नर १९९३ मध्ये कॅनडातील सॅस्काचेवान प्रांतात मारला गेला. धनुष्यबाणाने केलेल्या शिकारींसाठी पोप अँड यंग क्लबची वेगळी वही आहे, तिथे पात्रता १२५ ची. दोन्हीकडे कुंपणात कोंडलेल्या हरणाला प्रवेश नाही. त्यामुळे खासगी फार्मवर पैदास केलेले, डोक्यावर झाडाचे खोड उगवल्यासारखे दिसणारे नर कितीही मोठे असले तरी या वह्यांत बसत नाहीत.

आता दीड वर्षाच्या नराची सगळी शिंगे मोजली तरी ती १७० च्या पासंगालाही पुरत नाहीत. म्हणजे वहीत नाव लागायचे असेल तर नराने आधी चार-पाच हंगाम जगले पाहिजे. आणि नेमके तेच जोरदार शिकारीच्या मुलखात घडत नाही.

गणित काय सांगते?

समजा, एखाद्या भागात दरवर्षी शिंगवाल्या नरांपैकी ८० टक्के मरतात. दीड वर्षाचे १०० नर घेऊन सुरुवात केली तर अडीच वर्षांचे होतील २०. साडेतीनला पोहोचतील चार. साडेचारला एकही पुरता नाही. हेच प्रमाण ५० टक्के धरले तर साडेतीनला २५ आणि साडेचारला १२-१३ उरतात. मृत्युदर ८० वरून ५० वर आला, म्हणजे दोनपटीहूनही कमी फरक. पण साडेचार वर्षांच्या नरांची संख्या पंधरापटीने वाढली. चक्रवाढ व्याज बँकेत आपल्याला सुखावते, इथे ते उलटे चालते.

हे उदाहरण निव्वळ कल्पनेतले नाही. पेनसिल्व्हेनियात २००२ पूर्वी मारल्या जाणाऱ्या शिंगवाल्या नरांपैकी पाचातले चार दीड वर्षाचे असत. पिढ्यान् पिढ्या तिथल्या शिकाऱ्याने पाहिलेले ‘नर हरीण’ म्हणजे दोन काड्यांसारखी शिंगे असलेले पोर. अशा मुलखात अडीच वर्षांचा, आठ टोकांचा, इंचाच्या हिशेबात अगदी सामान्य नर कोणी मारला, तर तो गावच्या दुकानापुढे गाडी थांबवून सगळ्यांना दाखवला जाई आणि त्याचे मुंडके खरोखरच भिंतीवर जाई. त्यात हसण्यासारखे काही नाही. शंभरातल्या वीसांतला तो एक होता. आयोवातला शिकारी ज्या नराकडे पाहून धनुष्य खाली ठेवतो, तोच नर पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी जंगलात आयुष्यभराची आठवण ठरतो. इंच तेच, पण त्यामागची शक्यता वेगळी.

म्हणूनच ‘ट्रॉफी’ हा जोरदार शिकारीच्या भागात आकाराचा शब्द नाही, तो दुर्मिळतेचा आहे. आणि ती दुर्मिळता गोळी झाडणारा घडवत नाही. आधीच्या दोन-तीन हंगामांत तो नर समोर आला असताना ज्यांनी गोळी झाडली नाही, किंवा ज्यांचा नेम चुकला, त्यांनी ती घडवलेली असते.

यातच अडचण आहे. शिकाऱ्याकडे वर्षाला एकच नर मारण्याचा परवाना. समोर तरणा नर उभा. सोडला तर पुढच्या वर्षी तो मोठा होईल; पण तो टेकडीपलीकडे गेला की शेजारी त्याला मारणार, हे पक्के ठाऊक. दीड वर्षाच्या वयात निम्म्याहून अधिक नर जन्मजागा सोडून काही मैल दूर जातात, त्यामुळे ‘आपल्या रानात वाढवलेला नर’ ही कल्पनाच फोल. मग मीच का सोडू? प्रत्येकाने असा विचार केला की सगळेच पोरे मारतात आणि ‘इथे मोठा नर उरलाच नाही’ अशी तक्रारही सगळेच करतात. सार्वजनिक नळावर रांग मोडणाऱ्यांच्या भांडणाशी परिचित असलेल्या वाचकाला यापेक्षा जास्त समजावण्याची गरज नाही.

२००२ मध्ये काय बदलले?

त्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने शिंगांच्या टोकांची अट आणली. राज्याच्या बहुतेक भागात एका शिंगाला किमान तीन टोके असलेलाच नर मारायचा. सुपीक पश्चिम भागात चार. टोक म्हणजे किमान एक इंच लांबीचे. यामागे होते गॅरी ऑल्ट, अस्वलांवरील संशोधनासाठी राज्यभर ओळखले जाणारे जीवशास्त्रज्ञ, ज्यांच्याकडे गेम कमिशनने हरणांचा विभाग सोपवला होता. त्यांनी गावोगावी सभा घेतल्या. विरोध इतका तीव्र होता की काही सभांना ते बुलेटप्रूफ जाकीट घालून गेल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले.

विरोधाचे मूळ शिंगांत नव्हते. ते मादीत होते. या राज्याने १९०७ मध्ये मादी मारण्यावर बंदी घातली होती, कारण तेव्हा हरणे संपत आली होती. पुढे बंदी सैल झाली, पण ‘मादी मारणारा तो खरा शिकारी नव्हे’ हा संस्कार आजोबांकडून नातवाकडे येत राहिला. परिणाम असा की माद्या वाढत गेल्या, नर मात्र पोरवयात मरत राहिले आणि जंगलातली रोपे हरणे खाऊन टाकू लागली. कुंपण घालून हरणांना रोखलेल्या तुकड्यात रोपांची दाटी आणि कुंपणाबाहेर नुसते नेचे, असे चित्र पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात आजही पाहायला मिळते. ऑल्ट यांना माद्या कमी करायच्या होत्या. २००२-०३ मध्ये एकूण शिकार ५ लाख १७ हजारांच्या पुढे गेली, ती मुख्यतः माद्यांमुळेच. शिंगांची अट ही त्या कडू गोळीवरची साखर होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. माद्या मारा, त्या बदल्यात तुम्हाला मोठे नर मिळतील.

साखर खरी निघाली, एवढे मान्य करावे लागेल. अलीकडच्या वर्षांत मारल्या गेलेल्या नरांमध्ये अडीच वर्षे आणि त्याहून मोठ्यांचे प्रमाण जवळपास दोन तृतीयांशापर्यंत गेले. जे गणित वैयक्तिक संयमाने सुटत नव्हते, ते सगळ्यांवर एकच नियम लादल्याने सुटले. देशपातळीवरही वारे त्याच दिशेने वाहिले. नॅशनल डिअर असोसिएशनच्या आकडेवारीत १९८९ मध्ये मारलेल्या नरांपैकी ६२ टक्के दीड वर्षाचे होते. आता ते ३० टक्क्यांच्या खाली आहेत.

नियम जमिनीवर राबवताना गमती झाल्याच. कपाळालगतचे छोटे टोक केसांत दडते. झाडांच्या आडून, संधिप्रकाशात ते एक इंच आहे की पाऊण, हे कोण सांगणार? शेवटी २०११ पासून पश्चिम भागात ‘कपाळालगतचे टोक सोडून वर तीन’ अशी सुटसुटीत अट आली. कनिष्ठ शिकारी आणि काही इतर गटांना सूट आहे. हे योग्यच आहे. बारा वर्षांच्या मुलाला पहिल्या हरणावेळी इंचाचा हिशेब मांडायला लावणे अन्यायाचे झाले असते.

सगळीकडे हाच उपाय का नाही?

आयोवाला टोकांच्या अटीची गरजच पडत नाही. तिथे माजाच्या काळात, म्हणजे नर बेभान होऊन दिवसाढवळ्या फिरतो तेव्हा, प्रामुख्याने धनुष्यबाणाची शिकार चालते. बंदुकीचा मुख्य हंगाम डिसेंबरात. परराज्यातील शिकाऱ्यांना कोणतेही हरीण मारण्याचे मर्यादित परवाने सोडतीने दिले जातात आणि त्यासाठी अनेकांना काही वर्षे थांबावे लागते. जमीन जवळपास सगळी खासगी. खाली मक्याचे सकस खाद्य. वय आणि खाणे दोन्ही हाताशी, म्हणून वहीत बसणारे नर तिथे निघतात. यात शिकाऱ्यांचे कौशल्य नाही असे नव्हे, पण श्रेय आधी हंगामाच्या तारखांना द्यावे लागेल.

मिशिगनमध्ये याउलट बंदुकीचा हंगाम दरवर्षी १५ नोव्हेंबरला, ऐन माजात, उघडतो. तारीख वार पाहून बदलत नाही. अनेक कुटुंबांत तो सणच आहे. तिथे टोकांची अट लागू करायची तर त्या भागातील शिकाऱ्यांच्या सर्वेक्षणात ६६ टक्के पाठिंबा लागतो. वायव्येकडील जिल्ह्यांत २०१३ मध्ये तो मिळाला. इतरत्र तो अनेकदा मिळत नाही, कारण विरोधकांचा मुद्दाही बिनतोड आहे : ‘आम्ही फ्रीझरमध्ये मांस भरायला येतो, भिंत सजवायला नाही. श्रीमंतांच्या हौसेसाठी आमचे हरीण का सोडायचे?’ ज्याच्याकडे स्वतःची २०० एकर जमीन आहे तो नर सोडू शकतो. ज्याच्याकडे सुट्टीचे तीन दिवस आणि सरकारी जंगलाचा एक कोपरा आहे, त्याच्यासाठी ‘सोडणे’ ही चैन आहे. हा वर्गभेद चर्चेत क्वचितच मोकळेपणाने येतो.

नियम उलटलेल्याचेही उदाहरण आहे. मिसिसिपीने १९९५ मध्ये एकूण चार टोकांची अट घातली. सुपीक भागांत दीड वर्षाच्याच चांगल्या नरांना चार टोके येतात, कमजोरांना येत नाहीत. म्हणजे नियमाने चांगले मारले आणि कमजोर वाचवले. काही वर्षांनी संशोधकांना काही सार्वजनिक क्षेत्रांत त्याच पिढीतील मोठ्या वयाच्या नरांची सरासरी शिंगे घटलेली आढळली. चाळणीची जाळी चुकली की कोंडा राहतो आणि दाणा खाली पडतो, तसे. नंतर मिसिसिपीने टोके मोजणे सोडून शिंगांची रुंदी आणि लांबी पाहण्याचा मार्ग धरला.

म्हातारा नर आणि नवा रोग

या सगळ्या हिशेबात गेल्या दोन दशकांत एक नवा घटक शिरला आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, संक्षेपात सीडब्ल्यूडी. जंतू नाही, विषाणू नाही. मेंदूतील प्रथिन चुकीचे दुमडल्याने होणारा, गायींच्या ‘मॅड काऊ’च्या जातकुळीतला हा विकार. लागण झालेले हरीण महिनोन्महिने धडधाकट दिसते, मग खंगत जाते आणि मरतेच. लस नाही, उपचार नाही. हा प्रथमच १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये दिसला. २००२ मध्ये तो विस्कॉन्सिनमध्ये पोहोचल्याचे कळले, २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियात. माणसाला लागण झाल्याचे एकही प्रकरण सिद्ध झालेले नाही, तरीही बाधित हरणाचे मांस खाऊ नये, असा अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

शिंगांशी याचा संबंध थेट आहे. विस्कॉन्सिनसारख्या बाधित भागांत प्रौढ नरांमधील लागणीचे प्रमाण प्रौढ माद्यांच्या सुमारे दुप्पट आढळते. नर जास्त फिरतो, अनेक माद्यांच्या आणि नरांच्या संपर्कात येतो आणि जितका अधिक जगतो तितकी लागण होण्याची संधी वाढते. म्हणजे ज्या नराला वाचवून ‘ट्रॉफी’ बनवायचे, तोच रोगाचा सर्वांत संभाव्य वाहक. मिसुरी राज्याने म्हणूनच बाधित जिल्ह्यांतील टोकांची अट काढून टाकली. म्हणजे तिथे तरणा दिसला तरी तो मारण्याची मोकळीक मिळाली. वीस वर्षे ‘सोडा, वाढू द्या’ हे शिकलेल्या माणसाला हे पचवणे सोपे नाही.

पेनसिल्व्हेनियात बाधित पट्ट्यांतून हरणाचे आख्खे मुंडके बाहेर नेता येत नाही, कारण मेंदू आणि मणक्यात रोगाचे घटक सर्वाधिक असतात. पूर्ण स्वच्छ केलेली कवटीची चकती आणि तिला जोडलेली शिंगे मात्र नेता येतात. रस्त्याकडेला ठेवलेल्या लोखंडी पेट्यांत मुंडकी टाकली की सरकार विनामूल्य तपासणी करून निकाल कळवते. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वाट पाहते.

भारतात ‘ट्रॉफी’ला इंच नाहीत

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यातही ‘ट्रॉफी’ हा शब्द आहे, पण अर्थ पूर्ण वेगळा. वन्यप्राण्याचा कोणताही भाग जतन करून ठेवला की ती ट्रॉफी : कातडे, पेंढा भरलेले मुंडके, शिंग, हाड, काहीही. आकार, वय, सममिती यांचा प्रश्नच येत नाही. जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यात सांबराची शिंगे आजही दिसतात. ती कायदेशीर आहेत की नाहीत हे मालकीच्या प्रमाणपत्रावर ठरते. ज्यांच्याकडे ते नव्हते, त्यांना अशा वस्तू जाहीर करण्यासाठी २००३ मध्ये एक शेवटची मुदत दिली गेली होती. अमेरिकेत हिवाळ्याअखेर जंगलात गळलेली शिंगे शोधत फिरणे हा कुटुंबाचा छंद आहे. ताडोबाच्या वाटेवर पडलेले चितळाचे शिंग उचलून बॅगेत टाकले, तर तो गुन्हा ठरतो. तिथून परतणाऱ्या नातेवाइकाने भेट म्हणून शिंग आणायचे ठरवले तर सीमाशुल्क खात्याचे नियम आधी पाहावेत.

रविवारचा परिणाम कधी कळेल?

रविवार खुले करण्यामागे कारण आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियात परवानाधारकांची संख्या १३ लाखांच्या आसपास होती, ती तिथून घसरत आली. गेम कमिशनच्या खर्चाचा एक भाग परवान्यांच्या शुल्कातून आणि बंदूक-काडतुसांवरील केंद्रीय करातून मिळणाऱ्या वाट्यातून भागतो. शिकारी टिकवायचे तर त्यांना वेळ मिळाला पाहिजे. शिवाय माद्या कमी करण्यासाठी जंगलात माणसे हवीतच.

दुसऱ्या बाजूला, दबाव वाढला की हरीणही बदलते. जीपीएस पट्टे लावलेल्या हरणांच्या अभ्यासांत हे वारंवार दिसले आहे : हंगाम उघडला की ती तीव्र उतारांवर, काटेरी झुडपांत, माणूस सहसा चढत नाही अशा जागी दिवस काढतात आणि अंधारात बाहेर पडतात. दिवस वाढले म्हणजे त्याच प्रमाणात नर जास्त मरतील असे नाही. मात्र जे मरतील ते बहुधा अननुभवी तरणेच असतील. टोकांची अट त्यांतल्या बऱ्याच जणांना वाचवेल. अडीच वर्षांच्या नरांना मात्र तिचे संरक्षण नाही आणि आज राज्यातील ‘ट्रॉफी’ची मदार नेमकी त्यांच्यावर आहे.

हंगाम संपल्यानंतर काही महिन्यांनी गेम कमिशन शिकारीचे अंदाज जाहीर करते. एकूण आकडा बातम्यांत झळकतो. त्यासोबत मारलेल्या नरांच्या वयाचे प्रमाणही दिले जाते. रविवारांनी काही बिघडवले असेल तर ते आधी तिथे दिसेल, आणि तेही पहिल्याच वर्षी नव्हे. २०२५ मध्ये सुटलेला दीड वर्षाचा नर साडेतीनचा व्हायला २०२७ चा नोव्हेंबर उजाडावा लागेल.